शटर खालून जातं

आमच्या गॅरेजचं जुनं शटर रस्त्यावरून बघणाऱ्याला धडधाकट वाटायचं. वरच्या पट्ट्यांवर रंग शाबूत होता, शटर वर ज्यात गुंडाळलं जातं त्या बॉक्सचा पत्राही सरळ होता. खाली वाकून बघितलं की मात्र लॉकपट्टीच्या, म्हणजे कुलूप लावायच्या तळाच्या पट्टीच्या, जागी तपकिरी जाळी उरलेली दिसायची. कोयंडा ज्या पत्र्यावर बसवला होता, तो पत्रा अंगठ्याने दाबला तरी आत जायचा. शटर ज्या खाचांतून वरखाली सरकतं त्या दोन्ही बाजूंच्या गाईडचा तळाचा वीतभर भाग गळून गेला होता. वारा सुटला की शटर खालच्या बाजूने मोकळं हलायचं आणि रात्रभर खडखडायचं.

घर मुंबईत मढला, एरंगळकडे जाणाऱ्या रस्त्यालगत. समुद्र हाकेच्या अंतरावर आहे आणि गॅरेजचं तोंड नेमकं पश्चिमेला. आत गाडी, स्कूटर, इन्व्हर्टर आणि पोटमाळ्यावर गणपतीचं मखर. पण आमच्या घरी या दाराचं महत्त्व गाडीपुरतं नाही. सासूबाईंना गुडघ्यांमुळे पुढच्या पायऱ्या चढवत नाहीत. गॅरेजमधून घरात येणारी वाट सपाट आहे, म्हणून गॅरेजचं दार हेच आईंचं येण्याजाण्याचं दार. सकाळी मासळी घ्यायला, संध्याकाळी देवळात जायला त्या तिथूनच बाहेर पडतात. जुनं शटर गंजून जड झालं तसं त्यांचं बाहेर जाणं कुणीतरी घरात असण्यावर अवलंबून राहिलं, आणि हे त्यांना फार लागलं होतं. त्या बोलून दाखवत नसत, पण देवळात जायची वेळ झाली की शटरजवळ येऊन उभ्या राहत.

म्हणून दार बदलायचं ठरलं तेव्हा माझ्या अटी पक्क्या होत्या. आईंना ते एकटीने उघडता आलं पाहिजे, वीज गेली असली तरी. पावसाळ्यातल्या पश्चिमेच्या वाऱ्यासमोर ते उभं राहिलं पाहिजे. आणि खाऱ्या हवेत पाच-सात वर्षांत पुन्हा हाच खर्च नको. या अटी एकमेकींच्या विरोधात जातात हे लवकरच लक्षात आलं. वाऱ्याला टिकायचं तर दार जाड हवं, आणि आईंना उचलायचं तर हलकं.

मालाडला चौकशीला सुरुवात केली. जिथे जाईन तिथे पहिला प्रश्न एकच, "गेज कितीचा टाकू?" अठराचा की वीसचा. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड, एवढं मला ठाऊक होतं. पण घर समुद्रापासून किती लांब आहे, हे कुणी विचारत नव्हतं. एका मोठ्या शोरूममधल्या माणसाने चकचकीत पुस्तिका पुढे केली आणि "गॅल्व्हनाइज्ड आहे मॅडम, गंजायचा प्रश्नच नाही" असं म्हणून विषय संपवला. गॅल्व्हनाइज्ड म्हणजे जस्ताचा थर दिलेला. पत्र्यावर जस्त किती आहे, हे मी विचारलं तर तो पुस्तिकेची पानं उलटत राहिला. तो आकडा शेवटपर्यंत मिळाला नाही. माझ्या दृष्टीने तो सौदा तिथेच संपला.

जस्ताचा प्रश्न मला सुचला तो शेजारच्या नाखवांमुळे. त्यांची मासेमारीची बोट आहे. पावसाळी बंदीच्या दिवसांत, म्हणजे जून-जुलैत, बोट किनाऱ्यावर ओढून शाकारलेली असते तेव्हा तिच्या पंख्याजवळ राखाडी धातूचे ठोकळे बसवलेले दिसतात. ते जस्ताचे. नाखवांनी मला ते दाखवले. काही निम्मे झिजले होते. "वैनी, समुद्र काहीतरी खाणारच. म्हणून त्याला हे देतो, पंखा वाचतो," ते म्हणाले. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचं तत्त्व हेच आहे. खाऱ्या ओलीत जस्त आधी झिजतं आणि तोवर लोखंड वाचतं. म्हणजे पत्रा किती जाड आहे याच्याआधी विचारायचा प्रश्न हा की त्याच्यावर झिजायला जस्त किती ठेवलंय.

हा हिशेब एकदा कळला की सोपा आहे. पत्र्यावरचं जस्त ग्रॅममध्ये मोजतात, एका चौरस मीटरवर दोन्ही बाजू मिळून. बाजारात १२० ग्रॅमचा पत्रा सहज मिळतो. त्यात एका बाजूला जेमतेम आठ मायक्रॉनचा थर येतो, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. २७५ ग्रॅमचा मागितला तर एका बाजूला एकोणीस-वीस मायक्रॉन. हवा धातूला किती खाते, याचे आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे वर्ग केलेले आहेत. किनाऱ्यालगतच्या कडक हवेच्या सी-५ वर्गात जस्त वर्षाला ४.२ ते ८.४ मायक्रॉन झिजतं. आमची जागा त्या वर्गात धरली तर १२० ग्रॅमवालं जस्त एक-दोन वर्षांत संपणार आणि २७५ वालं फार तर साडेचार. वर रंगाचा थर असेल तर आयुष्य वाढतं, पण ओरखडा पडला, कापलेली कड उघडी राहिली किंवा वेल्डिंग केलं की तिथे काही उरत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने जस्त जळून जातं. आमच्या जुन्या शटरची लॉकपट्टी वेल्डिंगनेच जोडलेली होती आणि गंज बरोबर त्या टाक्यांपासून पसरला होता.

आणखी एक गोष्ट मी जुन्या शटरकडे नीट बघून शिकले. त्याची बाहेरची बाजू पावसात धुतली जायची, म्हणून ती तुलनेने बरी होती. जास्त खराबी झाली होती जिथे पाऊस पोचत नाही अशा जागी, म्हणजे आतली बाजू, गाईडची खाच, बॉक्सच्या पोटात. मीठ हवेतून येऊन बसतं आणि तिथेच राहतं. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे कोरड्या दिवसांतही धातूवर ओलसर पापुद्रा असतो. ऑक्टोबर ते मे ते धुवायला पाऊसही नसतो. आणि गाईडचा तळ तर लादीत गाडलेला होता. आतून वाळू, मीठ आणि गाडी धुतल्याचं पाणी तिथेच साचून राहायचं.

वाऱ्याचा हिशेब माझ्या धाकट्या भावाने करून दिला. तो ठाण्याला स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ मुंबईच्या बाजूने वर गुजरातकडे सरकलं तेव्हा कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. त्या दिवशी आमचं शटर आत फुगलेलं मी डोळ्यांनी बघितलं होतं. गॅरेजची मागची कौलं उचलली जाऊन परत आपटत होती. आम्ही गाडी शटरला आतून टेकवून ठेवली होती. तो दिवस मी भावाला सांगितला तेव्हा तो म्हणाला, "ताई, कौलं बाहेरच्या वाऱ्याने उचलली असं तुला वाटतंय. पण आतला दाबही बघ."

त्याने कागदावर मांडलं ते असं. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या, म्हणजे वेग गुणिले वेगाच्या, प्रमाणात वाढतो. ताशी ११४ किलोमीटरला तो चौरस मीटरला सुमारे ६१ किलो होतो. आमचं तोंड नऊ फूट रुंद, आठ फूट उंच, म्हणजे ६.७ चौरस मीटर. अख्ख्या दारावर चारशे किलोच्या वर भार. आणि इमारतींवरच्या वाऱ्याच्या भारासाठी जो भारतीय मानक आहे, आयएस ८७५ चा तिसरा भाग, तो मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतो. ताशी १५८ किलोमीटर. त्या वेगाला दाब चौरस मीटरला ११८ किलो आणि दारावर जवळपास आठशे किलो. वेग दीडपटही झाला नाही आणि भार दुपटीला टेकला. नेमक्या जागेप्रमाणे हे आकडे वरखाली होतात, पण दाराला काय सोसायचंय याचा अंदाज यायला एवढं पुरेसं होतं.

पुढचा मुद्दा मला नवा होता. मोठं दार आत ढकललं गेलं की वारा खोलीत शिरतो आणि छपराला आतून वर रेटतो. बाहेरून छपरावर ओढ असतेच. दोन्ही एकाच दिशेने लागले की छप्पर सुटतं. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये १९९२ च्या अँड्र्यू वादळानंतर केलेल्या पाहणीत गॅरेजची दारं निकामी झाल्यामुळे घरांची छपरं गेल्याचं दिसून आलं आणि तिथे या दारांचे नियम कडक झाले. म्हणजे गॅरेजच्या दाराची ताकद हा छपराच्या सुरक्षेचा भाग झाला. आमचं छप्पर कौलांचं. हे ऐकल्यावर माझा "चांगलंसं शटर" हा विचार गेला आणि मी प्रत्येक खिळ्या-बोल्टाची चौकशी करायला लागले.

दारांचे प्रकार बरेच बघितले. आईंच्या मनात दोन फळ्यांचं सागवानी दार होतं, सासऱ्यांनी गॅरेज बांधलं तेव्हाचं. सागवान समुद्राजवळ उत्तम टिकतं, यात शंका नाही, पण बाहेर उघडणारी फळी आता रस्त्यावर जाते आणि वाऱ्यात ती हातातून हिसकली जाते. आईंना ते झेपलं नसतं. छताला समांतर सरकत आत जाणारी सेक्शनल दारं दिसायला फार सुरेख असतात. त्यांना छताखाली रूळ लागतात आणि आमचा पोटमाळा आडवा येतो. शिवाय त्यात स्प्रिंग, तारेचे दोर, चाकं, बिजागऱ्या असे पोलादी भाग बरेच. खाऱ्या हवेत जितके सुटे पोलादी भाग, तितक्या गंजायच्या जागा. सरकतं दार बसवायला बाजूला भिंतच नाही. उरलं ते गुंडाळणारं शटर.

मग धातू. अठरा गेजच्या लोखंडी शटरचं वजन आमच्या मापाला शंभर किलोच्या आसपास जातं. अॅल्युमिनियमची घनता लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश, त्यामुळे पोकळ दुहेरी भिंतीच्या, आतून फासळ्या असलेल्या जाड पट्ट्या घेतल्या तरी दार बरंच हलकं होतं. अॅल्युमिनियम लोखंडासारखं गंजत नाही, पण त्याला मिठाचा त्रास होत नाही हा गैरसमज आहे. रंगाखाली मीठ शिरलं तर धाग्यासारख्या रेषा पसरत जातात आणि रंग उचलला जातो. म्हणून पावडर कोटिंग, म्हणजे भट्टीत पक्का केलेला भुकटीचा रंग, कोणतं हे विचारावं लागतं. बाहेरच्या उन्हासाठी पॉलिएस्टर पावडर लागते, एपॉक्सी उन्हात पांढरी भुरभुरीत होते. थर ६० ते ८० मायक्रॉनचा मागितला. त्याहूनही महत्त्वाची असते ती कोटिंगच्या आधीची धुलाई आणि रासायनिक प्रक्रिया, कारण रंगाची पकड तिच्यावर ठरते. आणखी एक, अॅल्युमिनियम लोखंडापेक्षा तिपटीने लवचीक आहे. वाऱ्यात ते जास्त वाकणार. म्हणून पट्ट्यांच्या टोकांना विंड लॉक घ्यायचे, म्हणजे पट्टी वाकली तरी तिचं टोक गाईडमधून निसटत नाही, आत अडकून राहतं. आणि गाईड नेहमीपेक्षा खोल हवा.

हे सगळं करायला तयार झालेले फॅब्रिकेटर म्हणजे मालाडच्या मालवणी वस्तीतले एक चाचा, मूळचे चिपळूणकडचे. त्यांच्याशी बोलताना पहिल्यांदा वाटलं की समोरच्याला समुद्र ठाऊक आहे. त्यांनी टेप काढायच्या आधी गॅरेजच्या भिंतीवर हातोडीच्या दांड्याने ठोकून बघितलं. डावीकडे बद्द आवाज आला. "बाई, शटर खालून जातं आणि बोल्टातून जातं. पट्टी कोण बघतो?" ते म्हणाले. आणि त्यांनी जुना एक बोल्ट पकडीने ओढला, तो विटेच्या भुग्यासकट हातात आला.

विंड लॉकची गंमत इथेच कळते. वाऱ्याचा भार पट्टीवर येतो. पट्टी वाकून विंड लॉकला ओढते, विंड लॉक गाईडला ओढतो, गाईड बोल्टांना आणि बोल्ट भिंतीला. दार जितकं भक्कम, तितकी ती ओढ पुढे पुरती पोचते. जुन्या विटांत हे बोल्ट धरणारच नव्हते. चाचा आणि भाऊ फोनवर बोलले आणि दोन्ही बाजूंना लिंटेलपासून, म्हणजे दारावरच्या आडव्या तुळईपासून, पायापर्यंत काँक्रीटचे सळईदार पट्टे घालायचं ठरलं. लिंटेलच्या तळाचं प्लास्टर फुगलं होतं, ते फोडल्यावर आतली सळई गंजलेली निघाली. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो आतून काँक्रीट फोडतो. सळई घासून स्वच्छ केली, गंजरोधक लेप दिला आणि पॉलिमर मॉर्टरने लिंटेल परत भरून घेतलं. हे काम कुठल्याही कोटेशनमध्ये नव्हतं. भिंत न ठोकता दिलेल्या कोटेशनला अर्थ नसतो, असं माझं ठाम मत झालंय.

काँक्रीटची पुरती ताकद २८ दिवसांनी धरतात. तेवढ्या काळात तोंडावर ताडपत्री होती आणि गाडी रस्त्यावर. हे सारं आम्ही दिवाळीनंतर घेतलं होतं, कारण तेव्हा हवा कोरडी असते आणि जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी एरंगळच्या चर्चची जत्रा असते, तेव्हा आमच्या रस्त्यावर टेम्पो उभा करणं अशक्य. त्याच्या आत दार बसायला हवं होतं.

मधल्या वेळात मी बोल्टांच्या मागे लागले. त्यासाठी मुंबईत जायचं ठिकाण म्हणजे नागदेवी स्ट्रीट. तिथे नुसत्या बोल्टांची दुकानं आहेत आणि दुकानदारांना त्यांच्या मालाची खडान्‌खडा माहिती असते. स्टेनलेस म्हणून जे काही विकलं जातं त्यात फार फरक आहे. २०२ नावाचं स्वस्त स्टेनलेस असतं, त्यात निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. किनाऱ्यावर ते लवकरच तांबूस होतं. ३०४ मध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. घरातल्या कामाला ते उत्तम. ३१६ मध्ये याशिवाय दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, आणि मिठामुळे धातूला जे बारीक खड्डे पडतात ते त्याच्यामुळे रोखले जातात. लोहचुंबक लावून ३०४ आणि ३१६ वेगळे ओळखता येत नाहीत, दोन्ही चुंबकाला जवळपास दाद देत नाहीत. ओळखायची सोपी खूण बोल्टच्या डोक्यावर असते. ए२ कोरलेलं असेल तर ३०४ च्या घराण्यातलं, ए४ असेल तर ३१६ च्या. पुढचा ७० हा आकडा ताकदीचा, ७०० मेगापास्कल. आम्ही ए४-७० चे आट्यांचे दांडे, नट आणि वॉशर घेतले, सोबत टेस्ट सर्टिफिकेट मागून घेतलं. दुकानदार म्हणाले, "ताई, घराच्या शटरला ए४ नेणारं गिऱ्हाईक कमी. बोटवालेच नेतात." एकूण खर्चात या बोल्टांचा वाटा इतका लहान आहे की तिथे बचत करण्यात काही अर्थ नाही.

शटर ज्या पाइपवर गुंडाळतं तो आणि त्याचे ब्रॅकेट मात्र पोलादीच ठेवावे लागले. ते आधी पूर्ण तयार करून, भोकं पाडून, मग गॅल्व्हनायझिंगला पाठवले. असा तयार भाग आम्लात साफ करून साधारण साडेचारशे अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात आणि जाड पोलादावर ७० ते ८५ मायक्रॉनचा थर चढतो. पत्र्यावरच्या आठ मायक्रॉनशी याची तुलना केली की फरक कळतो. बुडवल्यानंतर एकही भोक पाडायचं नाही, एकही टाका मारायचा नाही, ही अट मी लिहून घेतली होती. चाचांनी पाइपच्या दोन्ही टोकांना हवा जायला भोकं ठेवली. बंद पोकळ पाइप तापलेल्या जस्तात गेला तर आतली हवा आणि ओल प्रसरण पावून तो फुटू शकतो. हे मला त्यांनीच समजावलं.

जुनं शटर उतरवायच्या दिवशी चाचांनी सगळ्यांना बाहेर काढलं. हाताने उचलायच्या शटरमध्ये वरच्या पाइपात गुंडाळलेली स्प्रिंग असते आणि शटर बंद असताना तिच्यात सगळा ताण भरलेला असतो. गंजलेली स्प्रिंग सुटली तर हात मोडतो. त्यांनी शटर पूर्ण वर घेतलं, बांधलं आणि मग ताण थोडा थोडा करून सोडवला. स्प्रिंग हातात घेतली तेव्हा तिच्या दोन वेढ्यांमधून गंजाच्या खपल्या पडत होत्या. हे काम कुणी घरच्या घरी करू नये.

नवं दार बसवताना सगळ्यात जास्त वेळ गेला तो भोकांत. काँक्रीटमध्ये भोक पाडायचं, पंपाने धूळ उडवायची, ब्रश फिरवायचा, परत उडवायची आणि मगच दांडा काँक्रीटला चिकटवणारं रसायन भरून तो फिरवत आत घालायचा. भोकात धूळ राहिली तर रसायन काँक्रीटऐवजी धुळीला चिकटतं. हाताखालचा पोरगा घाई करायला लागला तसं चाचांनी त्याला थांबवलं आणि पुढची भोकं स्वतः साफ केली. गाईड आणि भिंत यांच्यात रबराची पट्टी घातली, प्रत्येक बोल्टाभोवती नायलॉनची बुश, म्हणजे छोटी नळी, आणि वॉशर. स्टेनलेस आणि अॅल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की अॅल्युमिनियम झिजतं, नाखवांच्या जस्तासारखंच. फक्त इथे झिजणारी वस्तू म्हणजे आपलं दार असतं. स्टेनलेसचे नट कोरडे आवळले तर जाम होऊन बसतात, म्हणून आट्यांना पेस्ट लावून हळू आवळले. शेवटी कडेचं प्लास्टर करण्याआधी गाईडवर टेप चिकटवली, कारण ओल्या सिमेंटचा क्षार अॅल्युमिनियमवर डाग पाडतो.

सगळ्यात समाधान देणारं काम तळाशी झालं. गाईड लादीत गाडले नाहीत, जमिनीपासून बोटभर वर थांबवले आणि त्यांच्या तळाशी पाणी जायला वाट ठेवली. उंबऱ्याची लादी बाहेरच्या बाजूला उताराची करून घेतली. लॉकपट्टीच्या जागी अॅल्युमिनियमची जाड तळपट्टी आली, तिच्या पोटात रबर. ते रबर खेचून काढता येतं आणि नवं घालता येतं.

मोटरबद्दल थोडक्यात सांगते. बाजूला बसणारी, हाताने ओढायच्या साखळीची सोय असलेली मोटर घेतली. ती इन्व्हर्टरवर आहे, त्यामुळे वीज गेली तरी बाहेरूनही दार उघडतं. इन्व्हर्टरही संपला तर आत साखळी आहे. स्प्रिंग नाहीच, त्यामुळे तुटायची चिंता गेली. खाली दोन्ही बाजूंना सेन्सर आहेत, मध्ये कुणी आलं तर बंद होणारं दार थांबून वर जातं. बटण आईंच्या खांद्याच्या उंचीला लावलं, रिमोट त्यांच्या पिशवीत असतो. साखळी त्यांनी स्वतः ओढून बघितल्याशिवाय चाचांना पैसे द्यायचे नाहीत, असं आईंनीच जाहीर केलं होतं. त्यांनी ती बसल्या खुर्चीवरून ओढली. दार हळूहळू पण सहज वर गेलं. "आता मला कुणाला हाक मारायला नको," त्या म्हणाल्या आणि तशाच चपला घालून बाहेर पडल्या.

खर्च साध्या लोखंडी शटरच्या दुपटीहून जास्त झाला, भिंतीचं काम धरून. मला तो योग्य वाटतो. ज्यांचं बजेट कमी आहे त्यांनी पट्ट्या साध्या घ्याव्यात, पण गाईड जमिनीवरून उचलून घ्यावेत, बोल्ट ए४ चे घ्यावेत आणि भिंत ठोकून बघावी.

देखभाल फारशी नाही, पण ती चुकवून चालत नाही. गाडी धुतली की दोन बादल्या गोडं पाणी गाईडच्या खाचेत आणि तळपट्टीवर, आतूनही. पावसाळ्यात बाहेरची बाजू आपोआप धुतली जाते, आतली नाही. गाईडला तेल किंवा ग्रीस लावायचं नाही, त्याला वाळू चिकटते आणि ती रंग खरवडते. सिलिकॉनचा फवारा चालतो. मे महिन्यात, वारा फिरायच्या आधी, मी प्रत्येक नटावर हात फिरवून बघते आणि तळाचं रबर कडक झालंय का ते तपासते. चाचांकडून त्याच रंगाच्या काही जादा पट्ट्या, विंड लॉकचे तुकडे आणि रबराची एक गुंडाळी घेऊन पोटमाळ्यावर मखराशेजारी ठेवली आहे. पट्ट्यांचं माप, मोटरचा क्रमांक आणि बोल्टांचं सर्टिफिकेट एका प्लास्टिकच्या पाकिटात घालून इन्व्हर्टरच्या वरच्या फळीवर आहे, म्हणजे मी घरी नसले तरी दुरुस्तीला येणाऱ्याला ते सापडेल.